‘बॉर्डर’ हा इंग्रजी शब्द आधी कशाचा होता?

काठपदर

नमस्कार मंडळी. मी बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. नववीच्या वर्गाला ‘बॉर्डर’ शब्द घालून वाक्यं लिहायला दिली होती. वह्यांमधून कोगनोळी नाका, पोलीस, बंद पडलेली एस.टी., एक नोव्हेंबर आणि सैनिक आले. काही मुलींनी साडीची बॉर्डर लिहिली होती आणि लिहून खोडली होती. का खोडलीस विचारलं तर उत्तर आलं, “तो खरा अर्थ न्हवं टीचर, आपण बोलताना म्हणतो तेवढंच.”

हे मला फार लागलं, कारण त्यांनी खोडलेला अर्थच या शब्दाचा जुना अर्थ आहे.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आला. तिथं त्याचं रूप साधारण ‘बोर्द्यूर’ असं होतं. कापडाची शिवण, कापडाची कड, ढालीच्या भोवतीची पट्टी, असे त्याचे अर्थ. ढालीवरच्या त्या पट्टीला राजघराण्यांच्या चिन्हांचं वर्णन करणारे लोक इंग्रजीत आजही त्याच जुन्या फ्रेंच वळणाच्या शब्दानं ओळखतात. त्याच्या मुळाशी ‘बोर’ हा छोटा शब्द आहे (लिहिताना शेवटी ड असतो, फ्रेंच माणूस तो उच्चारत नाही). बोर म्हणजे बाजू, कड. हा शब्द फ्रेंचमध्ये जर्मन कुळातल्या फ्रँक लोकांच्या बोलीतून आला असं मानतात.

दोन राज्यांमधली हद्द या अर्थानं ‘बॉर्डर’ दिसू लागतो तो १५३० च्या दशकात, आणि तोही स्कॉटलंडकडच्या इंग्रजीत. त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं इंग्रज माणूस कापडाच्या, ताटाच्या, बागेतल्या वाफ्याच्या कडेला बॉर्डर म्हणत होता. वाफ्याच्या कडेनं लावलेल्या फुलझाडांच्या पट्टीला तिकडे अजून बॉर्डरच म्हणतात.

आपल्या बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागेत या शब्दाचा जुना अर्थ रोज मागावर विणला जातो, आणि त्याच गल्ल्यांतल्या मुली तो चुकीचा समजून खोडतात. म्हणून हा धागा काढला. शब्दाचं घराणं मोठं आहे, बोलू या. आपल्या भागात हद्दीसाठी, काठासाठी कोणकोणते शब्द चालतात तेही सांगा. मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी, काहीही चालेल.

टिळकवाडीकर

छान धागा, ताई. ‘बॉर्डर’ आणि ‘बोर्ड’ यांचं नातं आहे का? आमच्या गावात बोर्ड या शब्दाला तर अंतच नाही. कँपात कँटोन्मेंट बोर्ड, शाळेत काळा बोर्ड, दहावीला बोर्ड, दुकानाला बोर्ड, बसस्टँडजवळ बोर्डिंग-लॉजिंग. एवढं सगळं एकाच शब्दात कसं मावलं?

काठपदर

नातं आहे, आणि थोडं गुंतलेलं आहे.

जुन्या जर्मन कुळातल्या भाषांमध्ये एकमेकांच्या अगदी जवळचे दोन शब्द होते. एकाचा अर्थ फळी. दुसऱ्याचा अर्थ कड, विशेषतः जहाजाची बाजू. पुढे दोघांचं रूप सारखंच झालं आणि अर्थ एकमेकांत मिसळले. कडेवाला शब्द फ्रेंचमधून फिरून ‘बॉर्डर’ होऊन इंग्रजीत परतला. फळीवाला इंग्रजीतच राहिला आणि वाढत गेला.

फळीचं झालं जेवायचं मेज. मेजावरून अर्थ सरकला मेजावरच्या जेवणाकडे. पैसे भरून दुसऱ्याच्या मेजावर रोज जेवणारा तो ‘बोर्डर’. म्हणजे बोर्डिंग म्हणजे जेवणाची सोय आणि लॉजिंग म्हणजे झोपायची सोय. आपल्याकडे दोन्ही शब्द जोडीनं रंगवतात ते अगदी बरोबर आहे. त्याच मेजाभोवती बसून कारभार बघणारी माणसं म्हणजेही बोर्ड. कँटोन्मेंट बोर्ड, परीक्षा बोर्ड, संचालकांचं बोर्ड, ही सगळी त्या मेजावरून आलेली. काळा बोर्ड आणि दुकानाचा बोर्ड मात्र सरळ फळीचे.

जहाजाची बाजू हा अर्थही जिवंत आहे. जहाजाच्या उजव्या बाजूला इंग्रजीत ‘स्टारबोर्ड’ म्हणतात. त्यात तारा नाही, ‘स्टिअर’ आहे. सुकाणूचं वल्हं पूर्वी उजव्या बाजूला बांधलेलं असे, म्हणून ती सुकाणूची बाजू. सांबऱ्याच्या विमानतळावर विमानात चढताना हातात असतो तो बोर्डिंग पास, त्यातही ही जहाजाची बाजूच आहे. जेवणाशी त्याचा संबंध नाही.

टिळकवाडीकर

मग कपाट? ‘कपबोर्ड’वरून कपाट आलं असं आमचे एक मास्तर सांगायचे.

काठपदर

नाही. कपबोर्ड म्हणजे पेले मांडायची फळी, आणि तो शब्द इंग्रजीच आहे. कपाट संस्कृत आहे, दाराची फळी असा त्याचा अर्थ. बद्रीनाथाचं मंदिर हिवाळ्यानंतर उघडतं तेव्हा ‘कपाट उघडले’ म्हणतात, तोच हा शब्द. दोन्हीकडे फळी आहे आणि आवाजही जुळतो, त्यामुळे कुणालाही तसं वाटावं. पण दोघांचं कूळ वेगळं.

मलप्रभाकाठ

बोर्डिंगवरून आठवलं ते लिहितो. कोल्हापूरकडे आणि आपल्याकडे जुन्या पिढीत ‘बोर्डिंग’ म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातला पोरगा शिकायचा तर पहिला प्रश्न दोन वेळच्या जेवणाचाच असायचा. आमच्या घरातली माणसं “बोर्डिंगात राहून शिकलो” असं अभिमानानं सांगत. या शब्दात इंग्रजांनी ठेवलेलं जेवणाचं मेज आमच्या भागातल्या पोरांच्या फार उपयोगी पडलं.

आणि एक जोड. मराठी ‘खानावळ’ कन्नडमध्ये ‘खानावळि’ होऊन पार हुबळी-धारवाडपुढे गेली आहे. जोळद रोट्टीच्या (ज्वारीच्या भाकरीच्या) खानावळीच्या पाट्या तिकडे ठिकठिकाणी दिसतात.

धोटा

आमचं घर वडगावात, मागावरचं. आधी हातमाग, आता यंत्रमाग. काठावर कुणीतरी नीट लिहायलाच हवं होतं.

बाहेरच्या लोकांना वाटतं काठ म्हणजे नंतर लावलेली पट्टी. लेस तशी लावतात, काठ तसा नसतो. ताणा (उभे धागे) भरतानाच काठाच्या तारा वेगळ्या रंगाच्या आणि जास्त दाट भरतात. मग बाणा (आडवा धागा) या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातो. एकाच धोट्यानं, म्हणजे बाणा नेणाऱ्या साधनानं, विणलं तर अंगाचा रंग काठात उतरतो. लाल बाणा हिरव्या काठातून गेला की काठ हिरवा राहत नाही, काळपट मारतो. कमी किमतीच्या लुगड्यात ते चालवून घेतात.

काठाचा रंग चोख पाहिजे असेल तर तीन धोटे लागतात. दोन्ही काठांचे दोन आणि अंगाचा एक. अंगाचा बाणा काठापाशी येतो, काठाचा बाणा तिकडून येतो, आणि जिथं भेटतात तिथं एकमेकांत अडकवूनच दोघांना परत फिरवायचं. अडकवलं नाही तर तिथं उभी फट पडते आणि काठ अंगापासून सुटतो. हे काम हळू होतं, मजुरी जास्त लागते, आणि आता करणारे कमी आहेत. करवतकाठी लुगड्याला करवतीचे दात दिसतात ते या जोडाचेच.

काठाची नावं तर किती सांगू. रुईफुली, करवती, आणि इरकली साडीला गोमी, परासपेठ, गाडी. आमच्या आजीला नुसता काठ चाचपून लुगडं कुठल्या मागावरचं ते कळायचं. गिऱ्हाईक आता ‘बॉर्डर मोठी द्या, बॉर्डर बारीक द्या’ म्हणतं, दुकानदारही तेच म्हणतो. मागावर मात्र आम्ही काठच म्हणतो.

काठपदर

धोटा, तुमची पोस्ट वर्गात वाचून दाखवणार आहे. आमच्या शाळेत मागवाल्यांची पुष्कळ मुलं आहेत, त्यांना घरातले हे शब्द ‘अभ्यासाचे’ वाटत नाहीत.

तुम्ही कडेचं सांगितलंत म्हणून आणखी एक इंग्रजी शब्द. विणतानाच तयार होणारी, न उसवणारी कड, तिला ते लोक ‘सेल्व्हेज’ म्हणतात. तो मुळात ‘सेल्फ’ आणि ‘एज’ मिळून झालेला, म्हणजे कापडाची स्वतःची कड. नंतर दुमडून शिवलेली कड वेगळी, तिला ‘हेम’ म्हणतात. तुम्ही लेस आणि काठ यांत जो फरक केलात, तसाच त्यांच्या विणकरांनीही शब्दांत जपलेला आहे.

घटप्रभा

नमस्कार. मी गोकाककडची, घरी कन्नड, शाळेची सुरुवात मराठीतून. दोन्ही भाषा आपल्याच वाटतात, म्हणून लिहिते.

कन्नडमध्ये राज्याची किंवा गावाची हद्द म्हणजे ‘गडि’. सीमाभागाला ‘गडिनाडु’ म्हणतात. साडीच्या काठाला ‘अंचु’, आणि आमच्या भागात जास्त करून ‘दडि’. इरकलीवाल्या बायका “दडि छलो अद” म्हणतात, म्हणजे काठ चांगला आहे. आणि नदीच्या काठाला ‘दड’.

दड आणि दडि शेजारी शेजारी ठेवून बघा. नदीचा तो दड, साडीची ती दडि. मराठीत तर तुम्ही दोन्हीला एकच शब्द वापरता, नदीचा काठ आणि लुगड्याचा काठ. लहानपणी मला ही गंमत फार आवडायची. आईला विचारायची की साडीला पाणी कुठंय.

काठपदर

घटप्रभाताई, तुम्ही लिहिलंत आणि मला फ्रेंच आठवली. त्यांच्या ‘बोर’लाही हे दोन्ही अर्थ आहेत. समुद्राच्या काठाला ते ‘बोर द मेर’ म्हणतात, नदीच्या काठालाही बोर, आणि टोपीच्या, कापडाच्या कडेलाही बोर. तिन्ही भाषांत पाण्याची कड आणि कापडाची कड शेजारी येऊन बसल्यात.

आपला ‘काठ’ जुन्या पुस्तकांत अनुस्वार देऊन ‘कांठ’ असा लिहिलेला सापडतो. नदीकांठ, कांठाचं धोतर. तो अनुस्वार संस्कृत ‘कंठ’ शब्दाकडे नेतो. कंठ म्हणजे गळा, आणि त्याच शब्दाला ‘जवळची जागा, कड’ असाही अर्थ होता. ‘उपकंठ’ म्हणजे गावाच्या लगतची जागा.

निपाणकर

धागा वाचतोय, माहिती चांगली आहे. पण मनातलं स्पष्ट लिहितो, राग नसावा.

शब्दाचा उगम कापडात आहे म्हणून आमच्या बॉर्डरचं काय बदलतं? १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. १९४६ साली इथं बेळगावातच माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं होतं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. त्याच गावावर दहा वर्षांत ही वेळ आली. पुढे सीमाप्रश्नासाठी सेनापती बापटांनी उपोषण केलं, १९६६ ला महाजन आयोग नेमला, १९६७ ला त्याचा अहवाल आला आणि तो महाराष्ट्रानं नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक २०१४ ला काढला तेव्हा त्या गावात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्या पोरांच्या वहीत बॉर्डर म्हटल्यावर पोलीस येतात, कारण त्यांनी तेच पाहिलंय. ती वाक्यंही खरी आहेत, ताई.

काठपदर

निपाणकर, राग कसला? ती वाक्यं खरी आहेत, त्यांना मी पूर्ण गुण दिले. शब्दाच्या उगमावरून कुठल्या गावाचा निकाल लागत नाही आणि लागूही नये. ‘बॉर्डर’ मुळात कापडाचा काठ होता म्हणून हद्दीचं दुःख कमी होतं, असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं खोडलेल्या वाक्यांपुरतं आहे. आपल्या मुलांच्या घरातला, मागावरचा, आईच्या लुगड्यावरचा अर्थ त्यांना कमी दर्जाचा वाटायला नको. एखाद्या शब्दावर एकाच गोष्टीनं इतका ताबा मिळवला की बाकीचे अर्थ सांगायला मुली लाजतात, तर शिक्षिका म्हणून ते अर्थ त्यांना परत मिळवून देणं माझं काम आहे. दोन्ही वाक्यं वहीत राहू देत.

निपाणकर

हे पटलं. राहू देत.

मलप्रभाकाठ

मी इतिहास शिकवला आहे, म्हणून स्कॉटलंडचा भाग थोडा उलगडून सांगतो. हद्दीचा अर्थ तिथंच का चिकटला हे समजण्यासारखं आहे.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या मधल्या मुलखाला आधी ‘मार्च’ म्हणत. तोही जर्मन कुळातला शब्द, अर्थ हद्द. खूण या अर्थाचा ‘मार्क’ आणि पानाच्या कडेचा ‘मार्जिन’ त्याचे नातलग. अशा मुलखाचा राखणदार सरदार तो ‘मार्क्विस’. दोन्ही बाजूंना पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन-तीन मार्च होते. त्यांच्यावर दोन्ही राजांचे अधिकारी असत आणि १२४९ साली दोन्हीकडच्या लोकांनी मिळून हद्दीचे कायदेही लिहून काढले होते. चोरी तिकडच्या माणसानं इकडे केली तर न्याय कुठं आणि कसा करायचा, असले रोजचे प्रश्न त्यात होते.

स्कॉटलंडच्या बाजूचे लोक या मुलखाला ‘द बॉर्डर्स’ म्हणू लागले. बॉर्डर म्हणजे हद्द हा अर्थ तिथून इंग्रजीभर पसरला. आधी ते एका मुलखाचं नाव होतं, रेषेचा अर्थ त्यातून निघाला.

पुढची गोष्ट आपल्या लोकांनी जरूर वाचावी अशी आहे. पश्चिमेकडे एक पट्टा असा होता की त्यावर दोन्ही राज्यं हक्क सांगत. त्याचं नावच ‘वादातली जमीन’ अशा अर्थाचं पडलं होतं. तिथल्या घराण्यांवर कुणाचाच कायदा धड चालत नसे. शेवटी १५५२ साली फ्रान्सच्या वकिलाच्या मध्यस्थीनं त्या पट्ट्याची वाटणी झाली. शेजारी शेजारी दोन खंदक खणले आणि निघालेल्या मातीचा मध्ये बांध घातला. त्या बांधाचे अवशेष अजून आहेत.

मग १६०३ साली स्कॉटलंडचा राजा जेम्स हाच इंग्लंडच्याही गादीवर बसला. दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर, तेव्हा हद्द राहिली नाही असं त्याचं म्हणणं. त्यानं ‘बॉर्डर्स’ हे नाव टाकून ‘मधले परगणे’ असं नाव सुरू करायचा हुकूम केला. लोकांनी ते नाव धरलं नाही. आज चारशेहून जास्त वर्षांनीही त्या मुलखाला बॉर्डर्सच म्हणतात, आणि तिथल्या हॉइक, गॅलाशील्स या गावांची ओळख कापडाच्या गिरण्यांची आहे. शब्द कापडातून निघून जिथं हद्दीचा झाला, तिथंच कापडही विणलं गेलं.

धोटा

सर, ट्वीड कापड तिथलंच का?

मलप्रभाकाठ

तिथलंच. ट्वीड नावाची नदीही तिथंच आहे, म्हणून लोकांना वाटतं कापडाला नदीचं नाव मिळालं. मूळ शब्द ‘ट्वील’, म्हणजे तिरप्या विणीचं कापड, आपण ट्विल म्हणतो ते. ट्वीलचं ट्वीड होताना नदीच्या नावाचा हातभार लागला असं सांगतात.

अथणीचा मळेकरी

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. द्राक्षबागेला आम्ही बोर्डो मारतो. मोरचूद आणि चुना. हा बोर्डो त्या बोर्डाच्या घरातला का? बागेच्या कडेनं मारत असतील म्हणून?

काठपदर

नाही दादा, तो गावाच्या नावावरून आला. फ्रान्समध्ये बोर्दो नावाचं शहर आहे, द्राक्षांसाठीच प्रसिद्ध. रोमन काळात त्या शहराचं नाव ‘बुर्दिगाला’ होतं, कडेच्या ‘बोर’शी त्याचा संबंध नाही. १८८० च्या दशकात तिकडच्या वेलींवर केवडा (बुरशीचा रोग) पडला तेव्हा मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं मोरचूद-चुन्याचं मिश्रण अभ्यासून पुढे आणलं. रस्त्याकडेच्या वेलींवर, कुणी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून, असलं काहीतरी शिंपडलेलं होतं आणि त्या वेली रोगातून वाचलेल्या त्याला दिसल्या. कडेच्या वेली म्हणालात, ते या गोष्टीत खरंच आहे.

अथणीचा मळेकरी

हे आमच्या गटावर टाकतो. रोज मारतो आणि नाव कुठलं ते ठाऊक नव्हतं.

चंदगडी

आम्ही रेषेच्या त्या बाजूचे. नव्या पोरांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो, चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. जिल्हा म्हैसूरकडे गेला तेव्हा चंदगड वगळला आणि तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. बाजार, दवाखाना, कॉलेज यांसाठी आमची माणसं आजही बेळगावलाच येतात. बाची सोडलं की शिनोळी, मध्ये पाटी नसती तर कळलंही नसतं.

आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात बॉर्डर हा शब्द नाहीच. ते ‘शीव’ म्हणतात. गावाची शीव, शिवेवरचा देव, शिवेवरचा दगड. शेतापुरतं असेल तर ‘बांध’ नाहीतर ‘मेर’.

घटप्रभा

मेर! कन्नडमध्येही ‘मेरे’ म्हणजे हद्द, मर्यादा. “मेरे मीरबारदु” म्हणतात, मर्यादा ओलांडू नये.

मलप्रभाकाठ

शिवेचं छान काढलंत. शीव म्हणजे संस्कृत ‘सीमा’च, प्राकृतातून घासून आलेली. मुंबईतल्या ज्या स्टेशनाला इंग्रजीत सायन म्हणतात त्याचं मराठी नाव शीव, जुन्या मुंबई बेटाची ती हद्द होती.

आणि ‘सीमा’ शब्दाचं मूळ बघायचं तर ‘सीमन्’. त्याचा एक अर्थ हद्द, दुसरा अर्थ केसांचा भांग. ‘सीमंत’ म्हणजे भांग, आणि गरोदरपणी करतात त्या ‘सीमंतोन्नयन’ संस्काराचं नाव त्यावरूनच आहे, त्यात बाईचा भांग वर विंचरून काढतात. कन्नड घरांत या कार्यक्रमाला नुसतं ‘सीमंत’ म्हणतात, हे घटप्रभाताई सांगतीलच. इंग्रजांचा शब्द कापडाच्या कडेवरून निघाला, आपला शब्द भांगाच्या शेजारी नांदला. जमिनीवरच्या रेषेला नाव देताना माणसानं दोन्हीकडे अंगावरची, घरातली रेषा जवळ केली.

घटप्रभा

होय सर, आमच्याकडे ‘सीमंत कार्य’ म्हणतात. हिरव्या बांगड्या भरतात, हिरवी साडी नेसवतात.

आणि शीव म्हटली की दसरा. तुम्ही सीमोल्लंघन करून आपट्याची पानं देता आणि “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा” म्हणता. आम्ही बन्नीची (शमीची) पानं देतो आणि “बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण” म्हणतो, बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू. आमच्या गल्लीत दोन्ही पानं आणि दोन्ही वाक्यं चालतात. लहानपणी मी एकाच घरात दोनदा सोनं दिलंय, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडात.

टिळकवाडीकर

हद्दीवरून एक जुनी गोष्ट. नव्या लोकांना बेळगाव आणि शहापूर एकच गाव वाटतं. पण शहापूर हे पटवर्धनांच्या सांगली संस्थानातलं, आणि बेळगाव इंग्रजांचं. लागून असलेली गावं, पण राजवट वेगळी. १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि ती हद्द गेली. शहापुरी लुगडं म्हणून जे नाव झालं ते त्या संस्थानी शहापूरचं. माझी पणजी बेळगावातून शहापूरला बाजाराला जायची ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची, आणि ती तसं कधी म्हणालीच नाही म्हणे. “पेठेत जाऊन येतो” एवढंच.

काठपदर

टिळकवाडीकर, हे माझ्या घरातही ऐकलेलं आहे, पण लिहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं. संस्थानी काळातल्या शहापूरचे नकाशे, मागांची नोंद, जुनी बिलं असं काही कुणाच्या घरी असेल तर कृपा करून फोटो टाका. मुलांना दाखवायचं आहे.

धोटा

आमच्या माळ्यावर जुन्या काठांच्या नमुन्यांची वही आहे. कापडाचे तुकडे चिकटवलेत आणि खाली मोडीत काहीतरी लिहिलंय. रविवारी काढतो. मोडी वाचणारं कुणी आहे का इथं?

मलप्रभाकाठ

मी वाचतो. फोटो उजेडात काढा, पान सपाट ठेवून, आणि चिकटवलेले तुकडे काढू नका.

निपाणकर

काठपदर ताई, शेवटचा एक प्रश्न. माझी मुलगी विचारते, क्रिकेटमध्ये ‘बाउंड्री’ म्हणतात, ‘बॉर्डर’ का नाही म्हणत?

काठपदर

मुलीला सांगा, प्रश्न अगदी नेमका विचारलास. बाउंड्री ‘बाउंड’पासून आला, आणि तो लॅटिनमधल्या हद्दीच्या खुणेच्या शब्दाकडे जातो. म्हणून बाउंड्री ही नुसती रेषा, खेळ इथं संपला हे सांगणारी. बॉर्डरला रुंदी असते. साडीची बॉर्डर चार बोटं असू शकते, वाफ्याची हातभर, आणि स्कॉटलंडची तर अख्खा मुलूख. मैदानात चेंडू दोरीला लागला की चौकार, तिथं रुंदी चालत नाही, म्हणून बाउंड्री. आता तिला वहीत दोन्ही शब्दांचं एकेक वाक्य लिहायला सांगा आणि इथं टाका.

निपाणकर

लिहिलंय तिनं. “आजीच्या लुगड्याची बॉर्डर हिरवी आहे. कोहलीनं बाउंड्री मारली.” तपासा टीचर.

काठपदर

दोन्ही बरोबर. पूर्ण गुण.